इंदूरहून क्लब रेसिंगमध्ये उतरताना: गाडी सगळ्यात शेवटी

इंदुरात कुणाला कळलं की मी कार रेसिंग करते, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पिथमपूरला का?" नॅट्रॅक्स तिथे आहे, शहरापासून तासाभराच्या आत. ११.३ किलोमीटरचा तो हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पण तो गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक आहे. कंपन्या तो भाड्याने घेतात आणि आपापल्या गाड्या तपासतात. हौशी लोकांच्या रेसेस होतात त्या प्रामुख्याने तीन ठिकाणी: चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइम्बतूरला चेट्टिपालयमचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. त्यातल्या त्यात जवळचं बुद्ध सर्किट, तेही आठशेच्या आसपास किलोमीटर. दक्षिणेतले दोन्ही दीड हजाराच्या घरात.

नोकरी किंवा दुकान सांभाळून वर्षातले थोडे शनिवार-रविवार आणि बरेचसे पैसे यात घालायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्याच फोनवर बहुतेक जण विचारतात, "कुठली गाडी घेऊ?" उत्तर: कुठलीच नको. गाडीचं प्रकरण खाली सगळ्यात शेवटी आलं आहे, आणि पैसेही त्याच क्रमाने खर्च व्हावेत असं माझं ठाम मत आहे.

१. रस्त्यावरचा वेग अनुभवात धरू नका

"सुपर कॉरिडॉरवर रात्री एकशे साठ जाते माझी गाडी" हे वाक्य रेसिंग स्कूलमध्ये उच्चारू नका. प्रशिक्षक हसणार नाहीत, वैतागतील. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवायला काहीच यावं लागत नाही. ट्रॅकवर वेळ मिळतो किंवा जातो तो ब्रेकवर आणि वळणात, आणि त्या दोन्हींची हद्द रस्त्यावर कधी गाठताच येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

विम्याचं मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं. तुमच्या घरच्या गाडीची पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादांचा परिच्छेद वाचा. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं त्यात वगळलेलं असतं. म्हणजे घरची हॅचबॅक घेऊन कुठल्या ट्रॅकच्या कार्यक्रमाला गेलात आणि ती भिंतीला लागली, तर एक पैसा मिळणार नाही. टीएसडी रॅलीला (वेळ-वेग-अंतराची रॅली, पुढच्या भागात आली आहे) जायचं असेल तरी विमा कंपनीला आधी लेखी विचारा. तुमच्या स्वतःच्या अपघात विम्यातही बहुधा असंच कलम असतं, तेही तपासा.

२. आधी कार्ट, मग टीएसडी किंवा ऑटोक्रॉस

कार्ट म्हणजे जमिनीलगतची छोटी, उघडी रेसिंग गाडी. तिला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. तुम्ही हाताने आणि पायाने जे काही कराल त्याचा जाब ती लगेच देते, म्हणून शिकायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. भाड्याच्या कार्टवर सुरुवात करा. गोडी लागली तर रात्रीच्या बसने पुणे आणि पुढे कोल्हापूर गाठा. मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत.

कार्टमध्ये सगळे आपला सर्वांत वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण चक्कर, बघतात. तुम्ही दहा लॅप्समधला फरक बघा. सगळ्या लॅप्स अर्ध्या सेकंदाच्या आत येत असतील तर तुम्ही पुढच्या पायरीला तयार आहात. एक लॅप झकास आणि बाकीच्या वाटेल तशा येत असतील, तर तो एक लॅप नशिबाचा होता.

टीएसडी म्हणजे वेळ, वेग, अंतर यांची रॅली. रस्ता चालू वाहतुकीचा, वेग कायद्यातला, शेजारी नॅव्हिगेटर. रोडबुकमध्ये दिलेला सरासरी वेग सांभाळत ठरलेल्या सेकंदाला नाक्यावर पोचायचं. लवकर पोचलात तर बहुधा उशिरापेक्षा जास्त दंड. वेगाशी याचा संबंध नाही, पण कागदपत्रं, तपासणी, ब्रीफिंग, पंच, तक्रारीची वेळ ही सगळी स्पर्धेची रीत इथे कमी खर्चात कळते. ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर आखलेल्या मार्गावर एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध पळते. दुसऱ्या गाडीला धडकण्याची भीती नसल्याने घरच्यांना पटवायला हाच प्रकार सोपा.

३. रेसिंग स्कूल

एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, ही या खेळाची देशातली अधिकृत संस्था. मुख्य कचेरी चेन्नईत. तिची मान्यता असलेल्या शाळेचंच प्रमाणपत्र रेसच्या लायसन्ससाठी कामाचं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: या प्रमाणपत्रावर कुठल्या प्रकारचं लायसन्स मिळतं, प्रत्यक्ष चाकामागे किती लॅप्स मिळतात, आणि गाडीला इजा झाली तर पैसे कोण भरणार.

आसन लावणं ही पहिली गोष्ट शिकवतात, आणि लोक तीच कंटाळून ऐकतात. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे हात लांब ताणून, मागे रेलून बसायची फॅशन आहे. तसं बसून जोरात ब्रेक मारताच येत नाही.

दुसरी गोष्ट नजर. गाडी नजर जाईल तिकडे जाते. ब्रेक मारायच्या आधीच डोळे वळणाच्या आतल्या टोकाकडे, म्हणजे अपेक्सकडे गेले पाहिजेत, आणि अपेक्सला पोचायच्या आत बाहेर पडायच्या जागेकडे. तिसरी गोष्ट ब्रेकची: सुरुवातीला पूर्ण ताकदीने, मग हळूहळू सोडत वळणात शिरायचं. नवशिके नेमकं उलट करतात, आधी घाबरत दाबतात आणि वळण जवळ आल्यावर जोर लावतात. गाडीची शेपूट फिरते ती त्यामुळे.

४. लायसन्स आणि कागदपत्रं

अर्ज एफएमएससीआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. फी आणि प्रकार दरवर्षी तिथेच बघा, मित्राने सांगितलेला आकडा धरू नका. लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं, म्हणून नोव्हेंबरात काढण्यात अर्थ नाही. जवळ हे तयार ठेवा:

- वाहन चालवण्याचा पक्का परवाना (लर्निंग चालत नाही)
- वयाचा आणि पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, एफएमएससीआयच्याच नमुन्यावर
- रक्तगटाचा रिपोर्ट
- रेसिंग स्कूलचं प्रमाणपत्र


लोक अडकतात ते वैद्यकीय प्रमाणपत्रावर. ओळखीचे डॉक्टर आपल्या लेटरहेडवर "फिट आहे" असं लिहून देतात आणि अर्ज परत येतो. नमुना छापून न्या, प्रत्येक रकाना भरून घ्या, शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्वच्छ उमटलाय का ते तिथेच पाहा. चष्मा असेल तर तो नोंदवून घ्या, आणि बारीक दांडीचा एक वेगळा चष्मा बनवा. जाड दांडी हेल्मेटखाली कानाला असह्य टोचते.

५. अंगावरचं सामान

यात काटकसर करू नका, पण आंधळेपणानेही घेऊ नका. स्पर्धेच्या नियमावलीत कुठलं मानक चालतं ते वाचून मगच ऑर्डर द्या.

हेल्मेट: स्नेल (हेल्मेट तपासणारी अमेरिकी संस्था) एसए मालिकेचं किंवा एफआयए (या खेळाची जागतिक संस्था) ८८५९ मानकाचं. मोटरसायकलचं हेल्मेट कितीही महाग असलं तरी चालत नाही, कारण त्याच्या अस्तराची आगीची चाचणी झालेली नसते. विक्रेते "स्नेल आहे ना मॅडम" म्हणून एम मालिकेचं हातात देतात. आतलं लेबल वाचा: एम म्हणजे मोटरसायकल, एसए म्हणजे कार.

सूट: एफआयए ८८५६, आगरोधक. कार्टिंगचा सूट दिसायला तसाच आणि स्वस्त, पण तो घसरण्यापासून कातडी वाचवायला बनवलेला असतो, आगीसाठी नाही. तपासणीत तो बाद होतो आणि व्हायलाच हवा. आतले कपडे, मोजे आणि बालाक्लाव्हा (हेल्मेटखालची डोकं-मान झाकणारी टोपी) हेही आगरोधक. नायलॉनचं काहीही अंगाला लागून घालू नका, ते वितळून चिकटतं. मुलींसाठी: तयार सूट पुरुषांच्या मापाचे असतात, नितंबात बसेल तो खांद्यात ढगळ होतो. शक्य असेल तर माप देऊन शिवून घ्या. केसांचा आंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही. वेणी सैल, खाली, बालाक्लाव्हाच्या आत.

हान्स: मान आणि डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून खांद्यावर बसणारं उपकरण, एफआयए ८८५८. हेल्मेटला त्याचे अँकर हवेत. माझ्या आईला या खेळातली एकच वस्तू मनापासून आवडते, ती ही.

उसनं सामान घ्यायचं झालं तर सूट घ्या, हेल्मेट नको. ते एकदा जोरात आपटलेलं असेल तर बाहेरून कळत नाही.

६. भाड्याची सीट आणि करार

भारतात २०१० मध्ये फोक्सवॅगनने पोलो कप सुरू केला, पुढे टोयोटानेही इटिऑसची मालिका चालवली. एकसारख्या गाड्या, त्या सांभाळणारे मेकॅनिक आयोजकांचे. चालकाने यायचं, चालवायचं, जायचं. अशा मालिका येतात आणि बंद होतात, म्हणून चालू हंगामात काय आहे ते बघावं लागतं. त्याखेरीज खाजगी संघ आपल्या गाड्या भाड्याने देतात: कारीवर मारुतीच्या इंजिनच्या, उघड्या चाकांच्या एलजीबी फॉर्म्युला गाड्या आणि नवोदितांसाठीचा नॉव्हिस कप, चेन्नईला टुरिंग कारचे, म्हणजे छपराच्या गाड्यांचे, वर्ग. छपराची गाडी की उघड्या चाकांची, हा आवडीचा प्रश्न आहे. मला छपराची बरी वाटते. उघड्या चाकांच्या गाडीत चाकाला चाक लागलं तर गाडी उडते, आणि नवशिक्यांच्या गर्दीत चाकाला चाक लागतंच.

करारात बघायच्या गोष्टी:

भाड्यात काय धरलंय? टायर, इंधन, मेकॅनिक, सरावाचा दिवस, प्रवेश फी. "सगळं धरून" हे उत्तर मान्य करू नका, यादी मागा. टायर नवे की गेल्या फेरीचे, हेही.

डॅमेज. इथे लोकांचे खिसे फाटतात. बंपर, बॉनेट, कंट्रोल आर्म, रिम या प्रत्येकाचा दर आधी लिहून घ्या. कमाल मर्यादा आहे का? दुसऱ्याने तुम्हाला ठोकलं तर कोण भरणार? बहुतेक ठिकाणी उत्तर "तुम्हीच" असंच असतं, चूक कुणाचीही असो. तुमच्या अंदाजपत्रकात एका बऱ्यापैकी धडकेचे पैसे बाजूला काढलेले नसतील, तर त्या वर्षी रेसला जाऊ नका, कार्टिंग करा. हे कठोर वाटेल, पण पहिल्याच फेरीत कर्ज काढून घरी आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते परत ट्रॅकवर दिसले नाहीत.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, खालून आणि रिमचे जवळून फोटो काढा. पहिल्यांदा ज्या संघाकडून मी गाडी घेतली, तिथे एक जुना ओरखडा माझ्या नावावर लागत होता. फोटो दाखवल्यावर पाच मिनिटांत विषय संपला.

इंजिन बिघडून रेस हुकली तर पैसे परत की पुढच्या फेरीत जागा? अनामत किती दिवसांत परत? हे दोन प्रश्न विचारताना समोरच्याचा चेहरा बघा, संघाबद्दल बरंच कळतं.

७. जाणं-येणं

नोएडासाठी दिल्लीची रात्रीची गाडी, किंवा रस्त्याने ग्वाल्हेर, आग्रा आणि यमुना एक्स्प्रेसवे. सर्किट त्या एक्स्प्रेसवेलाच लागून आहे. कोइम्बतूरसाठी इंदूरहून अहिल्यानगरी एक्स्प्रेस सरळ जाते, पण आठवड्यातून एकदाच, त्यामुळे रेसचे वार आणि तिचा वार जुळतीलच असं नाही. हेल्मेट आणि हान्स कायम हातातल्या सामानात.

पिशवीत: टायरमधली हवा मोजायचा स्वतःचा गेज, डक्ट टेप, झिप टाय, काच पुसायचं फडकं, मार्कर, वही, छत्री, घडीची खुर्ची, ओआरएस. रेसिंग गाडीत एसी नसतो. चेन्नईच्या दमट हवेत तीन थरांचे कपडे घालून तुम्ही वीस मिनिटं बसणार आहात. पाणी आदल्या दिवसापासून प्यायला लागा, ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, बाटली रिकामी करून उपयोग नसतो. निघतानाच्या पोहे-जिलेबीला माझी हरकत नाही, पण रेसच्या सकाळी जिलेबी नको.

८. शुक्रवार ते रविवार

कागदपत्रं, स्क्रूटिनी (तपासणी), ब्रीफिंग, सराव, क्वालिफाइंग (सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र), रेस असा क्रम. स्क्रूटिनीला गाडीबरोबर तुमचं हेल्मेट आणि सूटही तपासतात. कॅमेरा लावणार असाल तर तो त्याच वेळी दाखवा. नंतर लावलेला उतरवायला सांगतात. ब्रीफिंगला उशीर म्हणजे दंड, आणि तिथे दिलेला कागद नियमावलीइतकाच बंधनकारक.

सरावात पहिल्या दोन लॅप्स टायर आणि ब्रेक तापवण्यात घालवा. बाहेर आल्याआल्या, टायर गरम असतानाच, हवा मोजून वहीत लिहा. थंड असताना भरलेल्या हवेपेक्षा पाच-सहा पीएसआय सहज वाढलेली असते, आणि चारही चाकांत सारखी वाढत नाही. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश काढा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड धातूवर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडणी लावा.

९. झेंडे

पुस्तकात सगळे असतात, इथे फक्त गफलत होणारे. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद, दोन पिवळे हलत असतील तर थांबायची तयारी ठेवा. पिवळ्यावर लाल उभे पट्टे: रस्ता निसरडा, तेल किंवा पाणी. निळा: मागून लॅपने पुढे असलेली गाडी येते आहे. निळा दिसला की नवशिके घाबरून एकदम बाजूला वळतात. तसं करू नका, आपली लाइन धरून राहा, तो वाट काढेल. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा क्रमांक: गाडीत बिघाड, लगेच पिटमध्ये या. तुम्हाला आत काही जाणवत नसलं तरी या, बाहेरून गळणारं तेल त्यांना दिसतंय. लाल: सत्र थांबलं, पण जागच्या जागी ब्रेक मारू नका, मागे कुणीतरी असतो.

सरावाच्या दिवशी ट्रॅक पायी फिरता आला तर मार्शलच्या, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्यांच्या, चौक्या मोजून ठेवा. वेगात असताना त्या शोधायला वेळ मिळत नाही.

१०. पहिली रेस

शेवटून सुरुवात झाली तरी बिघडत नाही. दिवे विझल्यावर गाडी बंद पडली तर हात वर करून हलवा आणि जागेवरून सरकू नका. मागचे तुम्हाला चुकवतील, पण तुम्ही हललात तर त्यांना कळणार नाही कुठे जावं. पहिल्या वळणावर आतल्या बाजूला मोकळी जागा दिसते, तिथे घुसायचा मोह होतो. तिथे तुमच्यासारखेच आणखी तिघे येत असतात. पहिल्या लॅपमध्ये आरसे बघा आणि ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी लावा, कारण टायर अजून थंड आहेत. पुढच्या मोसमासाठी लागतो तो पूर्ण झालेल्या रेसेसचा अनुभव. चौथ्या लॅपला वाळूत अडकलेल्या माणसाने पैसे पूर्ण दिलेले असतात आणि चालवलेलं निम्मंही नसतं.

कुणी ठोकलं तर पिटमध्ये भांडू नका. कॅमेऱ्याची चित्रफीत घेऊन तक्रारीच्या वेळेत स्टुअर्डकडे, म्हणजे रेसच्या पंचाकडे, जा. ती वेळ निकालानंतर थोडीच असते.

११. आणि मग गाडी

वेगवान गाड्यांचं वेड इंदूरला नवीन नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली होती. ते महाराज होते. आपण एक-दोन मोसम भाड्याने चालवल्यावरच, आपला वर्ग ठरल्यावरच विचार करावा.

रस्त्यावरची गाडी घेऊन ती रेससाठी बनवण्यापेक्षा चालू वर्गातली वापरलेली रेस कार घ्या. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा), सीट, बेल्ट, सस्पेन्शन यांचे पैसे आधीच्या मालकाने भरलेले असतात आणि त्याला ते कधीच पूर्ण परत मिळत नाहीत. बघायला जाताना आपला उस्ताद बरोबर न्या, पण रोल केजची वेल्डिंग स्वतः वाकून बघा. सीट आणि बेल्टवरच्या लेबलवरची तारीख वाचा. एफआयएच्या मान्यतेला मुदत असते, बेल्ट आणि बऱ्याच सीट्सची पाच वर्षं, आणि मुदत संपलेली सीट नवी दिसत असली तरी बाद. त्या गाडीने गेल्या मोसमात कुठल्या वर्गात, कुठल्या नियमांखाली भाग घेतला ते विचारा, कारण नियम बदलले असतील तर आजच्या तपासणीत ती बसणार नाही. ब्रेक ऑइल आल्याआल्या बदला: ताज्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पण हवेतली ओल शोषून घेतल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि बुद्ध सर्किटच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यानंतर ते पहिल्याच ब्रेकला कळतं.

केज बसवलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आरसीवरच्या नोंदींपेक्षा ती वेगळी झालेली असते. म्हणजे ट्रेलर किंवा टो ट्रक, प्रत्येक फेरीला जाऊन-येऊन. इंदूर ते कोइम्बतूर हे भाडं गाडी घेण्याच्या आधी विचारून ठेवा, आणि कॉलनीत ती उभी कुठे करणार हेही. पावसाळ्यात चार महिने ताडपत्रीखाली ठेवलेल्या गाडीची वायरिंग उंदीर खातात.